नऊ दिवस सक्सेस

ऑफिसात तिला सगळे टोचणी म्हणत. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की टोचणी. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आतून त्याचा अभिमानच होता. कुणी प्रोग्राम लिहून आणला की ती तो चालवून बघत नसे, आधी बिघडवून बघत असे. फाईल गायब करायची, परवानगी काढून घ्यायची, आकड्याच्या जागी अक्षर कोंबायचं आणि मग खुर्चीत रेलून बघायचं, की बाबा रे, आता तू काय बोलतोस. प्रोग्राम नुसता 'एरर' म्हणून गप्प बसला की लिहिणाऱ्याची शंभरी भरली म्हणून समजा.

“एरर म्हणजे काय? कुणाचा? कुठे? कशामुळे?” ती विचारायची. “शेजारी आग लागली, एवढंच सांगून चालता होशील का तू? कुणाकडे लागली, कितव्या मजल्यावर, ते नको सांगायला?”

तिची पद्धत ठरलेली होती. आधी प्रोग्रामचं नाव, मग फाईलचं, मग ओळीचा नंबर, मग काय बिघडलं ते, आणि सगळ्यात शेवटी सिस्टिमने दिलेलं कारण. मधे मधे कोलन. अहवाल जाणार फाईलमध्ये, इशारे जाणार वेगळ्या वाटेने थेट स्क्रीनवर, म्हणजे अहवालात कचरा नको. हे सगळं तिने अकरा वर्षांपूर्वी बावीस ओळींच्या एका फंक्शनमध्ये बसवलं होतं, सी भाषेत, एका दुपारी. तेव्हापासून कंपनीचा एकही प्रोग्राम त्या बावीस ओळींशिवाय बाहेर पडला नव्हता. नव्या पोरापोरींना पहिल्या दिवशी तेच वाचायला देत. साहेब पाहुण्यांना सांगत, “आमच्याकडे प्रोग्राम एक वेळ बंद पडेल, पण न सांगता बंद पडणार नाही.”

या कंपनीचा एक प्रोग्राम लसींच्या शीतगोदामात चालायचा. गोदामात सहा थंड खोल्या, प्रत्येक खोलीत सेन्सरची पेटी. पेटी दिवसभर तापमानाचे आकडे फाईलमध्ये लिहायची, प्रोग्राम त्या फाईली वाचून अहवाल काढायचा. सकाळी आणि संध्याकाळी कुणीतरी काळ्या स्क्रीनवर एक कमांड द्यायची, काय येतं ते बघायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं. हे काम करणारा माणूस तिनेच लावून दिला होता. तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तिचे भाऊजी.

भाऊजी मूळचे छापखान्यातले. सत्तावीस वर्षं खिळे जुळवले. छापखाना बंद पडला आणि हा माणूस घरात बसून औषधांच्या बाटल्यांवरचा बारीक मजकूर वाचत बसायला लागला. ताई रडकुंडीला आली. “यांना कुठेतरी चिकटव गं बाई, नाहीतर मला वेड लागेल.” टोचणीने गोदामात शब्द टाकला. माणूस लागला आणि काय लागला! सहा वर्षांत एक दिवस उशीर नाही, रजिस्टरमध्ये एक खाडाखोड नाही. परभाषेतला अर्थ त्यांना कळत नसे, पण अक्षर मात्र एक चुकायचं नाही. स्क्रीनवर जे आलं ते मात्रेसकट कागदावर.

अर्थाचीच पंचाईत होती म्हणून पहिल्या आठवड्यात तिने त्यांना शेजारी बसवून शिकवलं होतं. “भाऊजी, एवढी लांबलचक ओळ बघून घाबरायचं नाही. वॉर्निंग हा शब्द तर रोज दिसेल, कुठल्या तरी खोलीचा एखादा आकडा चुकतोच. तुम्ही सरळ शेवटच्या कोलनच्या पुढे बघायचं. कारण तिथे असतं, रजिस्टरमध्ये तेवढंच उतरवायचं. हे बघा, परमिशन डिनाइड आलं, की गोदामप्रमुखांना सांगायचं. नो सच फाईल आलं, की पेटीची वायर बघायची. डिस्क भरली असं आलं, की मला फोन.”

“आणि दुसरंच काही आलं तर?”

“तरी मलाच फोन.”

भाऊजींनी ते एका कार्डावर लिहून मॉनिटरला चिकटवलं होतं, सुबक अक्षरात, समासासकट.

त्या सकाळी त्यांचा फोन आला तेव्हा ती एका नव्या मुलीची हजेरी घेत होती. मुलीने फाईल उघडली की नाही हे न तपासताच वाचायला सुरुवात केली होती. “सिस्टिम उत्तर देते ना? मग ते बघायचं नाही? विचारायचं आणि उत्तराकडे पाठ फिरवायची, ही कुठली रीत?” आणि तेवढ्यात फोन.

“अगं, मी बोलतोय. चार नंबरच्या खोलीला आज नवीनच आलंय. शेवटी लिहिलंय सक्सेस.”

“सक्सेस आलं ना? मग झालं तर, भाऊजी! सक्सेस आलं म्हणून कुणी फोन करतं का?”

ती हसली, तेही ओशाळं हसले. “तसं नव्हे, कार्डावर नव्हतं म्हणून विचारलं. ठेवतो मग.”

एवढंच बोलणं झालं. मोजून अर्धं मिनिट. ती पुन्हा त्या मुलीकडे वळली.

नऊ दिवसांनी चार नंबरची खोली माल काढायला उघडली तेव्हा आत एकोणीस अंश होते. असायला हवे होते चार. थंडीचं यंत्र कधीच बंद पडलं होतं, आणि सेन्सरची पेटीही त्याच्याबरोबर गेली होती. पेटी रोज पहाटे आपोआप सुरू व्हायची, आदल्या साठ्यातले तेच चारेकशे जुने आकडे ओकायची आणि मान टाकायची. फाईल अर्धवट. अहवालात तेच जुने आकडे, छान चार अंश. अकरा हजार कुप्या फेकून द्याव्या लागल्या. पंधरा दिवस दवाखान्यांमधून तान्ह्या पोरांना घेऊन आलेल्या बाया 'लस नाही' असं ऐकून परत जात होत्या.

आता कुणाच्या तरी गळ्यात हे बांधायलाच हवं. रजिस्टर उघडलं, तर नऊ दिवस, सकाळ-संध्याकाळ, चार नंबरपुढे एकच शब्द. सक्सेस. तोच हात, तीच शाई, तेच वळण. गोदामप्रमुख म्हणाले, हा माणूस न बघता रजिस्टर भरत होता, दुसरं काय. खोट्या नोंदी.

नोकरी जाणं वेगळं आणि खोट्या नोंदींसाठी जाणं वेगळं. छापखाना बंद पडला तेव्हा भाऊजी ताठ मानेने घरी आले होते. या वेळी तसं येता येणार नव्हतं.

चौकशी गोदामाच्याच बैठकीच्या खोलीत झाली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एसीचा रिमोट कुणाला सापडत नव्हता. प्रमुख म्हणून एक वयस्कर डॉक्टरीणबाई, शेजारी गोदामप्रमुख, आणि तिसरी खुर्ची जाणकार म्हणून टोचणीची. समोर भाऊजी. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटणसुद्धा लावलेलं.

“काका, स्क्रीनवर नेमकं काय येत होतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भाऊजींनी डोळे मिटले आणि म्हणून दाखवलं, कोलनसकट. “तापमान, कोलन, चार डॉट डेटा, कोलन, चारशे बारा, कोलन, वॉर्निंग, कोलन, आकडा वाचता आला नाही अशा अर्थाचे तीन शब्द, कोलन, सक्सेस.”

“म्हणजे वॉर्निंग यशस्वी झाली म्हणा की!” गोदामप्रमुख म्हणाले, आणि मागे टिपणं घेणारा कारकूनही खुदकन हसला.

“हसण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही,” भाऊजी म्हणाले. “आलं ते वाचलं, वाचलं ते लिहिलं.”

“पण वॉर्निंग हा शब्द दिसला ना तुम्हाला?”

“तो रोजच असतो. कारण शेवटी असतं. शेवटी बघायचं असतं.”

“असं कुणी सांगितलं?”

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “कुणी नाही. माझा आपला अंदाज.”

“कुणाला विचारलंत का?”

“नाही.”

तिने तोंड उघडायची हीच वेळ होती, आणि ही बाई, जी दुसऱ्याच्या प्रोग्रामने अर्धा शब्द गिळला तरी आकाशपाताळ एक करायची, मूग गिळून बसली.

“मॅडम,” डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या, “तुमचा प्रोग्राम असं काही म्हणू शकतो का? चूक झाली, कोलन, सगळं ठीक?”

“तपासून लेखी कळवते,” ती म्हणाली.

जिन्यात तिने भाऊजींना गाठलं. “माझं नाव का नाही घेतलंत?”

“अगं, तू तपासून सांगणारच आहेस ना!” ते म्हणाले, अगदी मोकळेपणाने. “मी नाव घेतलं असतं तर म्हणाले असते, मेव्हणा-मेव्हणी मिळून काहीतरी रचतायत. तुझ्या कागदाला वजन राहायला हवं. तू सांगितलंस की संपलं.”

ऑफिसात येऊन तिने दार लावून घेतलं. एक अर्धवट फाईल बनवली, ओळ मधेच तोडलेली, आणि प्रोग्राम चालवला. अकरा वर्षांत तिने तो शंभर तऱ्हांनी बिघडवून पाहिला होता. फाईल गायब केली होती, कुलूप लावलं होतं, कचरा भरला होता. मधेच संपणारी फाईल मात्र कधी दिली नव्हती.

स्क्रीनवर आलं, जसंच्या तसं, भाऊजींनी म्हणून दाखवलं तसं. शेवटी कोलन, आणि सक्सेस.

कारण शोधायला तिला दोन मिनिटंही लागली नाहीत. सिस्टिमकडे एक कप्पा असतो. काही बिघडलं की त्यात ती कारणाचा आकडा टाकते. काहीच बिघडलेलं नसेल तर तिथे शून्य असतं आणि शून्याचं नाव सक्सेस. आता फाईल मधेच संपणं हा सिस्टिमच्या लेखी बिघाडच नव्हे. संपली फाईल, तिला काय त्याचं! बिघाड आपल्या दृष्टीने. तेव्हा तो कप्पा बघायच्या आधी त्यात काही आहे का हे विचारायला हवं होतं. एक अट. एक ओळ. तिच्या बावीस ओळींत ती नव्हती. तिचं फंक्शन दर वेळी डोळे मिटून कप्प्यात हात घालायचं आणि जे हाताला लागेल ते कारण म्हणून जगाला सांगायचं. लोकांना उत्तर तपासायला शिकवणारी ही, आणि हिच्याच दिव्याखाली हा अंधार!

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तिने ती ओळ घातली. पुन्हा चालवला. आता आलं, 'फाईल मधेच संपली'. किती सोपं होतं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

ती साहेबांकडे गेली आणि सगळं सांगितलं. फोनचं सोडून सगळं.

साहेबांनी शांतपणे ऐकलं. शांत माणूस, कधी आवाज चढवायचे नाहीत. “हे फंक्शन आपल्या किती प्रोग्राममध्ये आहे?”

“सगळ्यांत.”

“म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांना कळवावं लागेल, की अकरा वर्षं आमचा इशारा तुम्हाला खोटं कारण देत असू शकतो.” ते खिडकीकडे बघत राहिले. “मला एक सांगा मॅडम, प्रोग्रामने इशारा दिला होता की नव्हता?”

“दिला होता.”

“फाईलचं नाव, ओळीचा नंबर?”

“होता.”

“वॉर्निंग हा शब्द?”

“होता, पण साहेब, शेवटी—”

“मग तेवढंच लिहा ना. खोटं कुठे लिहायला सांगतोय मी? इथे अठरा माणसं आहेत. त्यांच्या चुलीत पाणी ओतायचं असेल तर तुमची मर्जी. तुमचं नाव तर पहिलं जाईल.”

ती आपल्या जागेवर आली. रागाने तिचं डोकं भणभणत होतं, साहेबांवर, गोदामप्रमुखांवर, त्या फिदीफिदी हसणाऱ्या कारकुनावर. भाऊजींवरसुद्धा. एवढा विश्वास कशाला ठेवायचा माणसाने माणसावर? आणि या सगळ्या रागाखाली नुसती भीती होती. टोचणी म्हणून मिरवलेली अकरा वर्षं, आणि उद्या तीच पोरं तिच्या पाठीमागे म्हणणार, एरर: सक्सेस. तिला तेच सहन होणार नव्हतं. नोकरीचं नंतर.

तिने पत्र लिहिलं. 'प्रत्येक बिघाडाच्या वेळी प्रोग्रामने फाईलच्या नावासह व ओळीच्या क्रमांकासह इशारा दिला होता.' खरं. मग डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर. इथे ती बराच वेळ थांबली. 'प्रोग्रामची तपासणी केली असता असा मजकूर येत नाही.' हेही खरं. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांपासून खरं. काटेकोर माणसाचं खोटं असं काटेकोर असतं, त्याला कुठेही बोट लावता येत नाही. खाली सही केली.

आठवड्यात निकाल लागला. चोर सोडून संन्याशाला सुळी. भाऊजींना काढलं, आणि कागदावर कारण लिहिलं, खोट्या नोंदी.

महिनाभर ती ताईकडे फिरकली नाही. कामं आहेत, डोकं दुखतंय, अशी काहीबाही निमित्तं. शेवटी एका रविवारी दुपारी ताईनेच फोन केला, “येतेस की मी येऊ?” तेव्हा गेली. बसमध्ये तिचं ठरलं होतं, की आज सांगायचं. फोनचं, फंक्शनचं, तीन वाजून दहा मिनिटांचं, सगळं. पायऱ्या चढतानाही ठरलेलं होतं.

भाऊजी खिडकीशी बसले होते, मांडीवर कालचं वर्तमानपत्र. दाढी वाढलेली. तिला बघून उठायला लागले, तिने बसवलं. ताईने पाणी आणलं आणि तिथेच उभी राहिली.

“एक विचारू का?” भाऊजी म्हणाले. “रागावू नकोस. तू पत्रात लिहिलंस ते मला दाखवलं त्यांनी. तू तपासलंस म्हणजे नीटच तपासलं असशील, त्यात शंका नाही. पण ते सक्सेस… असं कधीच येत नाही का गं?”

आता. तिने श्वास घेतला. आणि तिला पुढचं सगळं दिसलं. हे उठणार, शर्ट चढवणार, म्हणणार चल, आत्ताच्या आत्ता जाऊन सांगू. आपल्या सहीचं पत्र टेबलावर, आणि समोर डॉक्टरीणबाई.

“नाही, भाऊजी. असं नाही येत.”

“फाईल अर्धवट असली तरी?”

“तरी नाही.”

भाऊजींनी मान हलवली. वर्तमानपत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“मग मी तुला फोनवर चुकीचंच वाचून दाखवलं,” ते म्हणाले. “तू आपली माझ्या भरवशावर बोललीस. तुझा काय दोष? आणि मी इकडे महिनाभर मनातल्या मनात तुला बोल लावत होतो. म्हणत होतो, हिला सगळं ठाऊक आहे आणि ही गप्प बसली. काय काय यायचं मनात, सांगायची लाज वाटते. माफ कर हं मला.”

तिने पेला उचलला, पाणी मघाशीच संपलं होतं.

निघताना ताई जिन्यापर्यंत आली. आवाज खाली घेऊन म्हणाली, “बरं केलंस बाई, स्पष्ट सांगितलंस. माझं ऐकतच नव्हते. उठता-बसता एकच, मी वाचलं होतं, मी वाचलं होतं. आता निदान डोळे दाखवायला तरी तयार होतील. उद्याचीच वेळ घेते.” तिने टोचणीचा हात धरला. “तू येशील ना बरोबर? तुझ्यावर फार विश्वास आहे गं त्यांचा.”

“येते,” ती म्हणाली.